पाणी गळतं, तरी डोळे कोरडे? ल्युब्रिकंट ड्रॉप्स नेमकं काय करतात

आईच्या डोळ्यांतून सारखं पाणी यायचं. वाऱ्यात उभी राहिली की यायचं, वाचायला बसली की दहा मिनिटांत रुमाल शोधायला लागायची. संध्याकाळी डोळ्यांत बारीक कण गेल्यासारखं खुपायचं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाल्या, "डोळे कोरडे पडलेत. ल्युब्रिकंट ड्रॉप्स लिहून देते." बाहेर आल्यावर आईने मला विचारलं, "अगं, रुमाल भिजतोय माझा आणि या म्हणतात कोरडे? आणि त्यावर उपाय काय, तर आणखी पाणी घालायचं?"

प्रश्न रास्त होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोनेक वर्षांनी मलाही तोच त्रास सुरू झाला, तेव्हा डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं, बरंच वाचलं आणि एकेक गोष्ट जुळत गेली. डोळ्याला नुसतं पाणी पुरत नाही. त्याला त्या पाण्याचा एक पातळ, अखंड थर लागतो, आणि तो दोन उघडझापींच्या मधल्या वेळात टिकायला लागतो. ड्रॉप्सचं सगळं काम या थराशी आहे. कोणते ड्रॉप्स घ्यायचे, किती थेंब, कधी, बाटलीवरचं काय वाचायचं, हे सगळं त्या एका थरावरून समजतं.

तीन मायक्रोमीटरचा थर

डोळ्याच्या अगदी पुढे, बुबुळावर घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. तो कॉर्निया. त्यावर अश्रूंचा जो थर कायम पसरलेला असतो, त्याची जाडी साधारण ३ मायक्रोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले तीन. एका डोळ्यावर एका वेळी असलेले सगळे अश्रू गोळा केले तर ते ७ मायक्रोलिटरच्या आसपास भरतात. हा आकडा लक्षात ठेवा, थेंब टाकताना तो पुन्हा येणार आहे.

एवढ्याशा थराची रचना मात्र विचारपूर्वक केल्यासारखी आहे. सगळ्यात वर तेलाचा अतिशय पातळ पापुद्रा असतो. हे तेल पापण्यांच्या कडेला, पापणीच्या केसांच्या लगेच मागे उघडणाऱ्या ग्रंथींमधून येतं. वरच्या पापणीत अशा २५ ते ४० ग्रंथी असतात, खालच्या पापणीत २० ते ३०. हाइनरिख माइबोम या जर्मन डॉक्टरने १६६६ मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना माइबोमियन ग्रंथी म्हणतात. तेलाखाली पाणी असतं आणि त्यात क्षार, प्रथिनं विरघळलेली असतात. हे पाणी मुख्यतः भुवईच्या बाहेरच्या टोकाखाली असलेल्या अश्रुग्रंथीतून येतं. सगळ्यात खाली, कॉर्नियाला लगटून, म्युसिन नावाचा बुळबुळीत पदार्थ असतो. तेलकट काचेवर पाणी ओतलं तर ते पसरत नाही, थेंब थेंब होऊन बाजूला होतं. कॉर्नियावर तसं होऊ नये, पाणी सगळीकडे सारखं पसरावं आणि धरून राहावं, हे म्युसिनचं काम. म्युसिन आणि पाणी यांच्यात काटेकोर सीमा नसते, ते एकमेकांत मिसळून खाली दाट आणि वर पातळ होत जातं, असं आता मानतात.

या थरावर डोळ्याचं बरंच काही अवलंबून आहे. कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे जागेपणी लागणारा प्राणवायू तो बराचसा हवेतून, या थरातून घेतो. बाहेरून येणारा प्रकाश पहिल्यांदा वळतो तो याच थराच्या पृष्ठभागावर, म्हणून थर ओबडधोबड झाला की चष्म्याचा नंबर बरोबर असूनही धूसर दिसतं. आणि अश्रूंत जंतूंना मारणारी प्रथिनं असतात. त्यातलं लायसोझाइम अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२२ मध्ये जगासमोर आणलं. पेनिसिलिनच्या कितीतरी आधी ते माणसांच्या अश्रूंवर प्रयोग करत होते. बाटलीतल्या ड्रॉप्सना आपण कौतुकाने कृत्रिम अश्रू म्हणतो, पण यातलं काहीही त्यांच्यात नसतं. ओलावा आणि बुळबुळीतपणा या दोनच बाबतीत ते अश्रूंची जागा घेतात.

थर एकदा पसरला की कायमचा राहत नाही. तो हळूहळू विरळ होतो आणि कुठेतरी फाटतो. तेवढ्यात पापणी मिटते आणि कुंचला फिरवल्यासारखा नवा थर पसरते. निरोगी डोळ्यात पापणी उघडल्यापासून थर फाटेपर्यंत सहसा १० सेकंदांहून जास्त वेळ जातो. डॉक्टर डोळ्यात फ्लुरेसिन नावाचा पिवळा-नारिंगी रंग घालतात, निळ्या प्रकाशात बघतात आणि थरात पहिली काळी भेग कधी पडते ते मोजतात, ती हीच वेळ. ती पाच-सहा सेकंदांवर आली, तर पुढची उघडझाप होईपर्यंत कॉर्नियाचा काही भाग उघडा पडतो. वाचताना अक्षरं अचानक पुसट होऊन पापणी लवली की पुन्हा ठळक दिसत असतील, तर तुमच्या डोळ्यात हेच घडतंय.

आणि आईच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. कॉर्नियात मज्जातंतूंचं जाळं इतकं दाट आहे की शरीरातल्या सर्वांत हळव्या जागांमध्ये त्याची गणना होते. थर फाटून तो उघडा पडला की हे मज्जातंतू मेंदूला बोंब मारून सांगतात, आणि अश्रुग्रंथी एकदम पाणी सोडते. कांदा चिरताना येतं तसलंच हे पाणी. त्यात तेल आणि म्युसिन यांचं प्रमाण नीट नसतं, ते पसरून टिकत नाही, गालावर ओघळतं. मिनिटभराने डोळा पुन्हा कोरडा. म्हणजे आईचे डोळे कोरडे होते म्हणूनच ते गळत होते.

डोळा कोरडा पडतो तो दोन वाटांनी

एक वाट म्हणजे पाणीच कमी बनणं. वयाबरोबर हे होतं. काही आजारांत शरीराची प्रतिकारशक्ती अश्रुग्रंथीवरच उलटते. हेन्रिक श्योग्रेन या स्वीडिश नेत्रतज्ज्ञाने १९३३ मध्ये ज्याचं सविस्तर वर्णन केलं तो विकार यातला ठळक. त्यात डोळ्यांबरोबर तोंडही कोरडं पडतं आणि तो बायकांमध्ये पुष्कळ जास्त दिसतो. पाणी किती बनतंय हे बघायला कागदाची एक अरुंद पट्टी खालच्या पापणीत ५ मिनिटं अडकवून ठेवतात. ओटो शिर्मर यांची ही १९०३ सालची चाचणी आजही वापरतात. पट्टी ५ मिलिमीटरसुद्धा भिजली नाही, तर पाणी खरोखर कमी आहे असं समजायचं.

दुसरी वाट जास्त वाहती आहे: पाणी पुरेसं बनतं, पण वरचं तेल कमी किंवा घट्ट झाल्यामुळे ते भराभर उडून जातं. माइबोमियन ग्रंथींची तोंडं बुजतात, आतलं तेल पातळ राहायचं सोडून मेणासारखं होतं. त्यात आपण पापण्याच कमी मिटवू लागलो तर आणखी भर. एरवी माणूस मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा डोळे मिचकावतो. स्क्रीनकडे टक लावून बघताना हे प्रमाण निम्म्याच्याही खाली येतं आणि जी उघडझाप होते तीही अर्धवट, वरची पापणी खालच्या पापणीला टेकतच नाही. तेल ग्रंथीतून बाहेर पडायला पापण्या एकमेकींना टेकाव्या लागतात. त्यामुळे अर्धवट उघडझापीत थर पसरत नाही आणि तेलही येत नाही. चेहऱ्यावर थेट येणारा पंखा किंवा एसी, कोरडी हवा, कॉन्टॅक्ट लेन्स हे सगळं याच बाजूला ओढतं.

काही कारणं आपल्या डोक्यातही येत नाहीत. सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या, नैराश्यावरची काही औषधं, मुरमांसाठी दिलं जाणारं आयसोट्रेटिनॉइन, काचबिंदूचे रोजचे ड्रॉप्स यांनी डोळे कोरडे पडू शकतात. पाळी गेल्यानंतर अनेक बायकांना हा त्रास सुरू होतो. चष्म्याचा नंबर घालवायच्या लेझर शस्त्रक्रियेत कॉर्नियातले मज्जातंतू कापले जातात, त्यामुळे 'ओल कमी आहे' हा निरोपच काही महिने नीट पोचत नाही. झोपेत पापण्या पूर्ण मिटत नसतील तर सकाळी उठताना डोळे सर्वांत जास्त जळजळतात. आणि बऱ्याच जणांत दोन्ही वाटा एकत्र आलेल्या असतात.

हे अंगावर काढू नये असं मी कळकळीने सांगते, त्याला कारण आहे. थरातलं पाणी उडालं की उरलेले अश्रू जास्त खारट होतात. खारटपणाने पृष्ठभागाच्या पेशी दुखावतात, तिथे दाह सुरू होतो, दाहाने म्युसिन बनवणाऱ्या पेशी मरतात, म्युसिन कमी झालं की थर आणखी लवकर फाटतो आणि अश्रू पुन्हा खारट होतात. हे चक्र एकदा जोरात फिरायला लागलं की नुसत्या ड्रॉप्सने थांबत नाही. सुरुवातीला मात्र बऱ्याचदा थांबतं.

बाटलीत असतं काय

नुसतं मिठाचं पाणी डोळ्यात घातलं तर काय होईल? क्षणभर गार वाटेल आणि ते लगेच निघून जाईल, कारण डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात, नाकाजवळ, दोन बारीक छिद्रं असतात आणि त्यांतून अश्रू सतत नाकात उतरत असतात. थेंब टाकल्यावर घशात चव लागते ती त्यामुळेच. म्हणून ल्युब्रिकंट ड्रॉप्समध्ये पाण्याला धरून ठेवणारा, त्याला थोडा दाटपणा देणारा एखादा पदार्थ घालतात. लेबलवर 'घटक' या ओळीत तो सापडतो आणि ब्रँडच्या नावापेक्षा ती ओळ वाचणं जास्त कामाचं.

सर्वांत जास्त दिसतात ते सेल्युलोजचे प्रकार: कार्बोक्सिमिथाइलसेल्युलोज आणि हायप्रोमेलोज. वनस्पतींच्या पेशीभित्तिकेत असणाऱ्या सेल्युलोजवर प्रक्रिया करून ते बनवतात. कार्बोक्सिमिथाइलसेल्युलोज बहुतेक वेळा ०.५ टक्के किंवा १ टक्का असतं. १ टक्क्याचा थेंब जास्त दाट, जास्त वेळ राहणारा, पण टाकल्यावर थोडा वेळ धूसर दिसतं. पॉलिइथिलीन ग्लायकॉल आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल ही जोडीही नेहमीची. काही ड्रॉप्समध्ये त्यांच्याबरोबर गवारीच्या बियांच्या डिंकापासून केलेला पदार्थ असतो. बाटलीत तो पातळ असतो आणि डोळ्यातल्या अश्रूंशी गाठ पडली की मऊ जेलसारखा होतो.

माझ्या मते यातला सर्वांत सुंदर पदार्थ सोडियम हायलुरोनेट. १९३४ मध्ये कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी तो पहिल्यांदा वेगळा केला तो गाईच्या डोळ्यातल्या जेलीसारख्या द्रवातून. आपल्याही डोळ्यात आणि सांध्यांत तो मुळातच असतो. त्याच्या लांबच लांब साखळ्या डोळा उघडा आणि स्थिर असताना एकमेकींत गुंतून राहतात, त्यामुळे थेंब दाट असतो आणि जागेवर टिकतो. पापणी वरून घासत आली की त्या साखळ्या तिच्या दिशेने सरळ होतात, थेंब पातळ होतो आणि पापणीला अडखळू देत नाही. पापणी थांबली की पुन्हा दाट. नुसताच दाट द्रव असता तर प्रत्येक उघडझापीला चिकट वाटलं असतं, नुसताच पातळ असता तर वाहून गेला असता. अश्रूही असेच वागतात.

तेलाचा थर कमजोर असलेल्यांसाठी तेलाचे अतिसूक्ष्म कण मिसळलेले, दुधट दिसणारे ड्रॉप्स मिळतात. ग्रंथी बुजलेल्या असतील तर ते विचारून बघण्यासारखे आहेत. जेल ड्रॉप्सपेक्षा जास्त टिकतं आणि मलम सर्वांत जास्त, कारण ते पेट्रोलियम जेलीसारख्या स्निग्ध पदार्थाचं असतं. मलमाने बराच वेळ सगळं धुकट दिसतं, म्हणून ते झोपण्यापूर्वी, दिवा मालवायच्या आधी लावायचं. ते लावून गाडी चालवायची नाही.

यातलं सर्वांत चांगलं कोणतं, हा प्रश्न सगळेच विचारतात. डॉक्टरी चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेनने २०१६ मध्ये दुकानात सहज मिळणाऱ्या अशा ड्रॉप्सच्या ४३ चाचण्या चाळल्या. ड्रॉप्स सुरक्षित आणि उपयोगी असावेत, पण बहुतेक तुलनांमध्ये एक दुसऱ्यापेक्षा निःसंशय सरस ठरला नाही, असं त्यांना दिसलं. याचा व्यवहारातला अर्थ मी असा घेते: सगळ्यात महाग बाटली पहिली घ्यायची गरज नाही. पातळ ड्रॉप्सपासून सुरू करा, नियमित वापरून तीन-चार आठवडे द्या, पुरेसं वाटलं नाही तर दाट किंवा वेगळ्या घटकाचे घ्या. शेजारणीला चालले ते तुम्हाला चुरचुरतील आणि तुम्हाला चालले ते तिला, असं खुशाल होऊ शकतं.

लेबलवरची दुसरी ओळ: प्रिझर्व्हेटिव्ह

माझ्या दृष्टीने हाच लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, आणि मला स्वतःला तो फार उशिरा कळला.

बाटली एकदा उघडली की तिच्यात जंतू शिरू शकतात, म्हणून ड्रॉप्समध्ये प्रिझर्व्हेटिव्ह घालतात. अनेक वर्षं सर्वांत जास्त वापरलं गेलेलं प्रिझर्व्हेटिव्ह म्हणजे बेंझाल्कोनियम क्लोराइड. हे साबण-डिटर्जंटच्या जातीचं रसायन आहे. ते जंतूंचं वेष्टण फोडतं आणि म्हणूनच उपयोगी पडतं. पण जंतूचं वेष्टण आणि आपल्या डोळ्याच्या पेशींचं आवरण यांत ते पुरेसा भेद करत नाही. शिवाय डिटर्जंट जे तेलाचं करतं तेच ते अश्रूंवरच्या तेलाच्या थराचं करतं. दिवसातून एक-दोन थेंब टाकणाऱ्या निरोगी डोळ्याला याचा फारसा त्रास होत नाही. पण आधीच कोरड्या, सुजलेल्या डोळ्यात दिवसातून सात-आठ वेळा तेच जात राहिलं तर ज्यासाठी थेंब टाकतोय तोच थर आपण विस्कटत बसतो. मी कित्येक महिने हेच करत होते. त्रास वाढला की थेंब वाढवायचे, थेंब वाढले की चुरचुर वाढायची. एका तपासणीत डॉक्टरांनी बाटली हातात घेऊन मागे फिरवली, ती ओळ दाखवली आणि बाटली बदलली. महिन्याभरात फरक पडला.

म्हणून डॉक्टर सहसा असं सांगतात: दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा थेंब लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्या. ज्यांना काचबिंदूचे किंवा दुसरे औषधी ड्रॉप्स रोज टाकावेच लागतात, त्यांनी तर हे आवर्जून विचारावं, कारण प्रत्येक बाटलीतलं प्रिझर्व्हेटिव्ह डोळ्यात एकत्र जमा होतं. काही ड्रॉप्समध्ये सौम्य प्रिझर्व्हेटिव्ह असतात. उदाहरणार्थ, सोडियम परबोरेटपासून पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं आणि डोळ्यात गेल्यावर त्याचं पाणी आणि ऑक्सिजन होतो. मध्यम वापराला ते चालतात.

प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले ड्रॉप्स दोन प्रकारांनी मिळतात. एक, प्लास्टिकच्या चिमुकल्या कुप्या, ज्यांचं टोक पिळून तोडायचं. दुसरा, खास झडप असलेली बाटली, जिच्यातून थेंब बाहेर येतो पण हवेतले जंतू आत जात नाहीत. कुपी 'थोडी उरलीय' म्हणून दुसऱ्या दिवसासाठी ठेवायची नाही. आत जंतूंना अडवणारं काहीच नसतं. २०२२-२३ मध्ये अमेरिकेत प्रिझर्व्हेटिव्ह नसलेल्या, पण अनेकदा वापरायच्या बाटलीत भरलेल्या कृत्रिम अश्रूंमधून स्यूडोमोनास जातीच्या, बहुतेक औषधांना न जुमानणाऱ्या जंतूचा फैलाव झाला होता. १८ राज्यांत ८१ रुग्ण सापडले, १४ जणांची दृष्टी गेली, ४ जणांचा डोळा काढावा लागला आणि ४ जण दगावले. ती चूक वापरणाऱ्यांची नव्हती. पण डोळ्यात जाणारा थेंब निर्जंतुक असणं किती मोलाचं, हे त्यावरून कळतं. तेव्हा सील तुटलेली बाटली घेऊ नका, द्रव गढूळ वाटला तर फेकून द्या (जे ड्रॉप्स मुळातच दुधट असतात ते वेगळे) आणि उघडल्याची तारीख बाटलीवर पेनाने लिहा. बहुतेक बाटल्या उघडल्यापासून महिनाभरात संपवायच्या किंवा टाकायच्या असतात. नेमकी मुदत लेबलवर असते. छापलेली एक्सपायरी ही न उघडलेल्या बाटलीसाठी असते, हे बरेच जण विसरतात.

थेंब टाकायचा कसा

आता तो ७ मायक्रोलिटरचा आकडा आठवा. बाटलीतून पडणारा एक थेंब साधारण ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो. डोळ्यात घटकाभर जास्तीत जास्त ३० मायक्रोलिटरच्या आसपास मावतं. म्हणजे एका थेंबातलंच थोडं बाहेर ओघळणार. लगेच टाकलेला दुसरा थेंब पहिल्याला वाहून नेतो, बाकी काही करत नाही. एका वेळी एकच थेंब.

हात धुवा. मान मागे टाका किंवा सरळ पडून घ्या. एका बोटाने खालची पापणी हलकेच खाली ओढली की तिच्यात आणि डोळ्यात एक खोबण तयार होते. नजर वर छताकडे ठेवून त्या खोबणीत थेंब सोडा, थेट बुबुळावर नको, कारण तिथे पडला की डोळा दचकून गच्च मिटतो. बाटलीचं टोक पापणीला, केसांना, बोटाला लागू देऊ नका. मग डोळा मऊपणे मिटा, आवळू नका आणि भराभर मिचकावू नका, कारण उघडझापीने द्रव नाकाकडे ढकलला जातो. मिनिटभर मिटलेला राहू द्या आणि तेवढा वेळ नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोट हलकं दाबून ठेवलंत तर थेंब आणखी टिकतो. हात थरथरत असेल तर बाटली धरलेल्या हाताचं मनगट कपाळावर टेकवा. तरीही जमत नसेल तर डोळा मिटून पडा, आतल्या कोपऱ्यात थेंब ठेवा आणि मग डोळा उघडा, तो आपोआप आत उतरतो. आईला हीच पद्धत जमली.

दुसरेही ड्रॉप्स चालू असतील तर मध्ये निदान ५ मिनिटं जाऊ द्या. औषधी ड्रॉप्स आधी, ल्युब्रिकंट नंतर, जेल किंवा मलम सर्वांत शेवटी, कारण मलमाच्या थरातून नंतरचा पातळ थेंब आत पोचत नाही. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स बेंझाल्कोनियम शोषून घेते आणि ते तासन्‌तास डोळ्याला लागून राहतं, म्हणून प्रिझर्व्हेटिव्ह असलेले ड्रॉप्स लेन्स काढूनच टाकायचे आणि निदान १५ मिनिटांनी लेन्स परत घालायची. लेन्सवर चालणारे ड्रॉप्स वेगळे येतात, तसं लेबलवर लिहिलेलं असतं.

वेळेबद्दल एक गोष्ट. आपण डोकं दुखल्यावर गोळी घेतो तसे ड्रॉप्स डोळे जळजळल्यावर टाकतो. तोवर थर फाटून, अश्रू खारट होऊन, दाह सुरू झालेला असतो. त्रास कधी होणार हे आपल्याला माहीत असतं. कामाला बसताना, एसीत जाताना, दीर्घ वाचनाआधी किंवा प्रवासाआधी टाकलेला थेंब नंतरच्या तीन थेंबांपेक्षा जास्त उपयोगी पडतो. सुरुवातीला दिवसातून ठरावीक तीन-चार वेळा, त्रास असो वा नसो, टाकून बघा.

चुकीची बाटली

'डोळ्यांचा लालसरपणा घालवणारे' ड्रॉप्स म्हणजे ल्युब्रिकंट नव्हेत. त्यात नॅफॅझोलिन किंवा टेट्राहायड्रोझोलिन यांच्यासारखी रक्तवाहिन्या आकुंचित करणारी औषधं असतात. डोळा दहा मिनिटांत पांढराशुभ्र दिसतो, पण औषध उतरलं की वाहिन्या आधीपेक्षा जास्त फुगतात, डोळा जास्त लाल होतो, आणि माणूस पुन्हा बाटली उचलतो. त्याहून धोक्याचं म्हणजे घरात उरलेले स्टेरॉइडचे ड्रॉप्स. त्यांनी डोळ्याला झटपट बरं वाटतं, म्हणून लोक ते महिनोन्‌महिने वापरत राहतात आणि तोवर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू किंवा लवकर मोतीबिंदू होऊ शकतो. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. ते फक्त डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसांपुरतेच. नळाच्या पाण्याचे हबके मारत राहणंही बरं नाही, त्यात अश्रूंचा थरच धुऊन जातो.

ड्रॉप्सच्या पलीकडे

थेंब थराला आधार देतो, पण थर कशामुळे बिघडतोय ते दुरुस्त करत नाही. ग्रंथी बुजलेल्या असतील तर मिटलेल्या पापण्यांवर सोसेल इतकं गरम, ओलं, स्वच्छ कापड ५ ते १० मिनिटं ठेवायचं, गार होऊ लागलं की पुन्हा गरम करायचं. मग वरच्या पापणीवर वरून खाली आणि खालच्या पापणीवर खालून वर बोट हलकेच फिरवायचं. घट्ट झालेलं तेल वितळून बाहेर येतं. हे कंटाळवाणं आहे आणि आठवडाभराने सोडून द्यावंसं वाटतं, पण रोज केलं तर फळ देतं. स्क्रीन डोळ्यांच्या थोडी खाली ठेवली की पापणी कमी उघडावी लागते आणि पाणी कमी उडतं. दर २० मिनिटांनी २० सेकंद लांब बघा आणि त्या वेळात चार-पाच वेळा पापण्या पूर्ण टेकवून मिटा. ओमेगा-३ च्या कॅप्सूलविषयी खूप ऐकू येतं. २०१८ मध्ये ५३५ जणांवरच्या एका मोठ्या चाचणीत वर्षभर रोज ३ ग्रॅम ओमेगा-३ घेणाऱ्यांना ऑलिव्ह तेलाच्या कॅप्सूल घेणाऱ्यांपेक्षा जास्त आराम पडला नाही.

एवढं करूनही भागलं नाही तर डॉक्टरांकडे पुढचे उपाय आहेत. दाह आवरणारे सायक्लोस्पोरिनचे ड्रॉप्स आहेत. ते पहिल्या दिवशी नव्हे, काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी गुण दाखवतात, आणि हे आधी सांगितलं नाही तर लोक मध्येच सोडतात. नाकाकडे जाणारी छिद्रं बारीक बुचांनी बंद करता येतात, म्हणजे आहेत ते अश्रू डोळ्यात राहतात. फार बिकट अवस्थेत रुग्णाच्याच रक्तातला द्रव भाग वेगळा करून त्याचे ड्रॉप्स बनवतात. अश्रूंतले पोषक घटक बरेचसे त्यात मिळतात.

मात्र काही लक्षणांत ड्रॉप्सची वाट बघायची नसते: डोळ्यात खोल दुखणं, नजर एकदम कमी होणं, उजेड अजिबात न सोसणं, एकच डोळा लालबुंद होणं, पिवळी-हिरवी चिपडं येणं, डोळ्यात रसायन उडणं. रसायन उडालं तर आधी भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा १५ ते ३० मिनिटं धूत राहा, इथे नळाचं पाणीही चालतं, आणि मग थेट दवाखाना. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याचा डोळा लाल होऊन दुखला तर लेन्स काढून त्याच दिवशी दाखवा. कोरड्या डोळ्यांबरोबर तोंड कोरडं पडत असेल, सांधे दुखत असतील, तर तेही आठवणीने सांगा.

आणि साध्या कोरडेपणासाठी तपासायला जाल तेव्हा घरातल्या डोळ्यांच्या सगळ्या बाटल्या एका पिशवीत भरून न्या, अर्ध्या वापरलेल्यासुद्धा. चालू असलेल्या गोळ्यांची यादी बरोबर ठेवा. कोणत्या वेळी त्रास वाढतो ते सांगा: सकाळी उठताना की संध्याकाळी, घरात की कामाच्या जागी, वाचताना की वाऱ्यात. तुमच्या डोळ्यात पाणी कमी पडतंय की तेल, याचा निम्मा उलगडा डॉक्टरांना तेवढ्यावरूनच होतो.